जुन्या वाड्याच्या सागातून घरचा पलंग: लाकूड बघण्यापासून पॉलिशपर्यंत

पुण्यात पेठांमधले वाडे पाडायचं काम अजून चालूच आहे, वाई-सातारा-नाशिककडेही तेच, आणि कोकणात कौलारू घरं उतरवून स्लॅब टाकतायत. त्यातून निघणाऱ्या तुळया, कड्या, खांब, दारांच्या चौकटी यातलं कितीतरी लाकूड अस्सल सागवान असतं, आणि कुणी वेळेवर उचललं नाही तर ते जळणात जातं. मला ते बघवत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, म्हणजे ज्याला हाताने काही करायची आवड आहे त्याने अशा लाकडातून निदान एक पलंग तरी करावा.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर चालतं. लाकूड आधी, डिझाईन नंतर. नेटवर फोटो बघून माप ठरवून मग जुनं लाकूड शोधायला गेलात तर तुम्ही चांगल्या तुळईचे तुकडे करणार आणि वर म्हणणार की जुन्या लाकडात घट फार येते. काय मिळालंय, किती लांब सरळ आहे, कुठे किडलंय, हे बघायचं आणि मग पलंग किती उंच, किती जाड, डोक्याकडे काय, हे ठरवायचं. फक्त गादीचं माप तेवढं आधी पक्कं हवं. मी इथे ७८ बाय ६० इंचाची, सहा इंच जाड गादी धरतोय, पण तुमची गादी टेपने स्वतः मोजा, लेबलवर जाऊ नका.

लाकूड कुठे मिळेल? जिथे वाडा किंवा घर उतरवतायत तिथल्या कंत्राटदाराशी थेट बोललात तर सगळ्यात बरं, कारण लाकूड अजून छपराखालचं कोरडं असतं आणि कुठला तुकडा कुठून निघाला ते दिसतं. नाहीतर जुन्या लाकडाच्या वखारी, मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार, आणि गावाकडे नातेवाईकांच्या माळ्यावर पडलेल्या चौकटी आणि दारं. विकत घेतलं तर पावती घ्या. सागाच्या वाहतुकीला वनखात्याचे नियम आहेत, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातून टेंपो भरून आणणार असाल तर आधी तिथल्या वनखात्याच्या ऑफिसात विचारून घ्या, रस्त्यात अडकण्यापेक्षा ते परवडतं.

आता साग ओळखायचा कसा, कारण वरून सगळंच काळं-करडं दिसतं आणि विकणारा प्रत्येक तुकड्याला सागच म्हणतो. सोबत छोटा रंधा किंवा धारदार पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) ठेवा आणि परवानगी घेऊन एका कोपऱ्यात दोन हात मारा. वरचा करडा थर निघाला की खाली मधासारखा सोनेरी-तपकिरी रंग येतो, बोटाला किंचित तेलकट लागतं, आणि चामड्यासारखा एक वास येतो जो एकदा नाकात बसला की विसरत नाही. टोकाकडून बघितलं तर वर्षावर्षाची वलयं स्पष्ट दिसतात. कोकणातल्या घरांत मात्र साग सोडून ऐन, किंजळ, फणस हेही भरपूर वापरलेलं असतं आणि ते काही वाईट नाही, फणसाचं लाकूड तर पिवळंधमक आणि कामाला गोड असतं, ऐन जड आणि हट्टी असतो पण पायांना आणि मधल्या तुळईला उत्तम. फक्त सागाचा भाव देऊन ऐन घेऊ नका. मुंबईच्या जुन्या इमारतींमधून बर्माचा साग निघतो, इंग्रजांच्या काळात तो रंगून-मौलमेनहून बोटीने यायचा. आणि आपला चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग त्याच्या तोडीस तोड आहे, २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहूनच साग गेला.

जुन्या तुळईच्या कडेला कधीकधी फिकट पांढुरका पट्टा असतो, तो झाडाचा बाहेरचा भाग. वाळवी आणि भुंगा नेहमी तिथून सुरुवात करतात, आतल्या गाभ्याला सहसा हात लावत नाहीत. म्हणून पांढऱ्या भागात भोकं दिसली तर घाबरून अख्खं लाकूड टाकू नका, तेवढा भाग फाडताना काढून टाका. पण लाकूड आपटल्यावर भोकांतून पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर किडा अजून आत जिवंत आहे असं समजायचं. आणि तुळईची दोन टोकं, जी भिंतीत बसवलेली असतात, तिथे ओल खाऊन लाकूड मऊ झालेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, आत शिरलं तर तेवढी लांबी हिशोबात धरायची नाही.

हिशोब वखारीत घनफुटात चालतो. रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. म्हणजे ४ बाय ६ ची ८ फुटी तुळई झाली १.३३ घनफूट. आपल्या पलंगाला तयार माप साडेचार घनफुटाच्या आत बसतं, पण खिळे, भेगा, टोकं, रंध्याची घट हे सगळं धरून सात घनफूट घ्या. कमी घेतलंत तर शेवटच्या दोन तुकड्यांसाठी पुन्हा शोधाशोध, आणि तोच रंग परत मिळत नाही.

आता खिळे. हे काम कंटाळवाणं आहे पण इथे घाई केली की पुढे सगळ्याची वाट लागते. वखारीतला आरा मशीनवाला खिळ्याचं लाकूड घ्यायला तयार होत नाही आणि त्याचं बरोबर आहे, एक खिळा लागला की पाती गेली, शिवाय उडालेला तुकडा माणसाला लागतो तो वेगळाच. आधी तारेच्या ब्रशने सगळी माती, चुना, काजळी खरवडून काढा म्हणजे खिळ्यांची डोकी दिसायला लागतात. मग अंबूर (खिळे उपटायचा चिमटा) घ्या, त्याच्या तोंडाखाली लाकडाची एक चिपटी ठेवा म्हणजे तुळईला खड्डा पडत नाही, खिळा पकडून ओढायच्या आधी थोडासा पिळा, गंज सुटल्याचा कर्रर्र आवाज आला की मग हळूहळू उचला. न पिळता ओढलात तर डोकं हातात येतं आणि खिळा आतच राहतो. अडलेल्या खिळ्यावर थोडं रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे टाकून रात्रभर ठेवा. तरीही तुटलाच तर बाजूने पटाशीने थोडं कोरून पक्कडीने पकडा. सगळं झालं असं वाटलं की स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक दोरीला बांधून चारही बाजूंनी लाकडावरून फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे आत लोखंड आहे. मेटल डिटेक्टर मिळाला तर अजून चांगलं. जिथे खिळे होते तिथे निळसर-काळे डाग असतात, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो रंग. मला तरी ते डाग आवडतात आणि मी ठेवतो, पण नकोच असतील तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावून जातात, ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन घ्या.

जुन्या दारांवर ऑईल पेंटचे थरच्या थर असतात त्याबद्दल जरा गंभीरपणे सांगतो. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि नुसतं बघून ते कळत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, सँडर तर अजिबात लावायचा नाही, कारण ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूवर परिणाम होतो. पेंट रिमूव्हर लावा, फुगला की ओलाच खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, चांगला मास्क घाला आणि निघालेला रंग पिशवीत बांधून टाका. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नका. रंगवलेलं दार इतकं महत्त्वाचं नसेल तर सरळ न रंगवलेलं लाकूड घ्या.

लाकूड स्वच्छ झालं की किड्यांचा बंदोबस्त. २४० ग्रॅम बोरिक पावडर आणि ३६० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) १० लिटर गरम पाण्यात विरघळवायचा आणि ब्रशने दोन हात द्यायचे, भेगांमध्ये आणि टोकांना जास्त. मग सावलीत, वारा खेळेल असं, मध्ये चिपट्या ठेवून रचून वाळू द्या. लाकूड पाडकामाच्या जागी पावसात पडलेलं असेल तर महिनोन्‌महिने वाळवावं लागतं, जुनं आहे म्हणजे कोरडंच असणार असं नसतं. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ या सगळ्याला उत्तम. भर पावसाळ्यात जोड केलेत तर लाकूड फुगलेलं असतं आणि उन्हाळ्यात सांधे ढिले पडतात.

मग वखारीत फाडायला न्या. ४ बाय ६ ची तुळई मधोमध फाडली आणि चारही बाजू रंधून घेतल्या की दीड इंच जाड, साडेपाच इंच रुंद अशा दोन पट्ट्या मिळतात, तीच आपली साईडपट्टी. ८ फुटी तुळईतून दोन लांब पट्ट्या, ६ फुटीतून उशाची आणि पायथ्याची. पाय ४ बाय ४ च्या कडीतून किंवा खांबातून ३ बाय ३ निघतात. चौकटीचं लाकूड वापरणार असाल तर दाराची खाच वजा करून तीन इंच उरतात का ते बघा. लाकूड सरळ आहे का हे बघायला एका टोकाशी डोळा लावून कडेवरून बघायचं, आणि पीळ आहे का ते बघायला दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून त्या एका रेषेत दिसतात का बघायचं. पीळ असलेला तुकडा साईडपट्टीला घेऊ नका, त्याचे लहान तुकडे करून दुसरीकडे वापरा. सागात मुळातच सिलिका असते, त्यात जुन्या लाकडात धूळ, म्हणून रंध्याची आणि पटाशीची धार पटकन जाते. धारेचा दगड शेजारीच ठेवा, बोथट पटाशीने जोर लावून काम करायला जाऊ नका.

मापं लिहून घ्या. गादीच्या चारही बाजूंना अर्धा इंच सोडून आतली मोकळी जागा ७९ बाय ६१. पुढचे पाय १६ इंच, मागचे ३८ इंच. साईडपट्ट्या ८० इंच, म्हणजे ७९ अधिक दोन्हीकडे चार-चार सूत (आठ सूत म्हणजे एक इंच) कुसू, म्हणजे पायाच्या खाचेत शिरणारं पट्टीचं टोक. उशाची आणि पायथ्याची पट्टी साडेचौसष्ट इंच, ६१ अधिक दोन्हीकडे पावणेदोन इंच कुसू. डोक्याकडे अजून दोन आडव्या, साडेतीन इंच रुंद, लांबी तीच साडेचौसष्ट. सगळ्या मोठ्या पट्ट्यांची वरची कड जमिनीपासून साडेचौदा इंचावर, गादी या कडेच्या दीड इंच खाली टेकते, म्हणजे गादी धरून बसायची उंची १९ इंच येते, गुडघे दुखणाऱ्या माणसालाही उठताना त्रास होत नाही आणि खालून झाडू-पोछा फिरतो.

जोडाचा विचार नीट समजून घ्या, इथेच पलंग करकरणार की नाही हे ठरतं. पट्टीची आतली बाजू पायाच्या आतल्या बाजूशी एका पातळीत बसवायची. असं केलं की साईडपट्टीचा कुसू आणि उशाच्या पट्टीचा कुसू पायाच्या आत एकमेकांना आडवे येतात. म्हणून उशाचा आणि पायथ्याचा कुसू खोल ठेवायचा, पावणेदोन इंच, आणि तो फेविकॉलने कायमचा चिकटवायचा. साईडपट्टीचा कुसू फक्त चार सूत, तो चिकटवायचा नाही, त्याचं काम पट्टी फिरू न देण्याचं. ती ओढून धरायला १० एमएमचा ६ इंची बोल्ट, पायाच्या बाहेरून आत. हा बोल्ट उशाच्या कुसवातून आरपार जातो, त्यामुळे तो त्या सांध्याला खुंटीसारखा अडकवूनही ठेवतो. बोल्टचं डोकं आत बसेल इतका अर्ध्या इंचाचा खड्डा पायाला बाहेरून करा. नट बसायला साईडपट्टीच्या आतल्या बाजूने टोकापासून तीन इंचावर छोटी खाच कोरा, नट आणि वॉशर त्यात टाकला की दिसतही नाही. असे चार बोल्ट. सागाचा एवढा पलंग ८० किलोच्या आसपास भरतो, अख्खा जिन्यातून नेता येत नाही, म्हणून चार बोल्ट काढले की दोन टोकं आणि दोन पट्ट्या सुट्या झाल्या पाहिजेत.

कुसवाची जाडी चार सूत, उंची साडेचार इंच, म्हणजे वर-खाली अर्धा-अर्धा इंच खांदा. आधी पायातली खाच कोरायची, मग तिच्या मापाने कुसू करायचा, उलटं करू नका, कारण कुसू रंध्याने एक केसभर कमी करता येतो, खाच कमी करता येत नाही. खाचेसाठी आधी ड्रिलने ओळीत भोकं पाडून घ्या आणि मग पटाशीने भिंती साफ करा. कुसू हाताच्या दाबाने अर्ध्यापर्यंत जावा आणि शेवटी लाकडी मोगरीच्या दोन-तीन ठोक्यांनी बसावा. हातोडीने जोरात ठोकावा लागत असेल तर थांबा, पाय तडकेल. सागाला तेल असतं, म्हणून चिकटवायच्या आधी कुसू आणि खाच दोन्ही थिनरच्या फडक्याने पुसून घ्या आणि लगेच फेविकॉल लावा. क्लँप लावून रात्रभर ठेवा.

डोक्याकडच्या दोन आडव्यांना समोरासमोर तीन सूत रुंद, चार सूत खोल खोबण मारा आणि त्यात कडीपाटाच्या (जुन्या लाकडी छताच्या) फळ्या उभ्या बसवा, पाऊण इंच जाड, कडा खोबणीत शिरण्यापुरत्या पातळ करून. या फळ्या कोरड्याच बसवायच्या, फेविकॉल नाही, खिळा नाही, दोन फळ्यांमध्ये नखभर फट. पावसाळ्यात त्या फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, त्यांना जागा द्या. जुन्या दाराचं एखादं कोरीव झडप असेल तर मापात बसेल तसं अख्खंच बसवा, कोरीव काम कापून लहान करू नका, त्यापेक्षा मागच्या पायांची उंची बदला.

पलंग उभा केला की दोन्ही कर्ण मोजा. ७९ बाय ६१ ला कर्ण ९९ इंच ६ सूतच्या आसपास येतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे हवेत. एक जास्त आला तर त्या दोन कोपऱ्यांना दोरी बांधून ओढा आणि मग बोल्ट आवळा.

गादीखालचं काम सोपं आहे. साईडपट्ट्यांना आतून सव्वा बाय दीड इंचाची टेकूपट्टी, वरच्या कडेपासून सव्वादोन इंच खाली, फेविकॉल आणि दर सहा इंचावर स्क्रू. त्यावर तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड अशा १४ आडव्या पट्ट्या टाकल्या की मध्ये अडीच इंचाच्या आत फट येते, फोमच्या गादीला यापेक्षा जास्त फट चालत नाही, गादी खाली उतरते. मधोमध उशापासून पायथ्यापर्यंत २ बाय ३ ची उभी तुळई आणि तिला मध्यावर एक पाय, हा पाय टाळू नका. या पट्ट्यांना साग लागतच नाही, पॅकिंगच्या पेट्यांचं पाईन चालतं, फक्त त्यावरचा शिक्का बघा. एचटी असेल तर लाकूड ५६ अंशाला अर्धा तास तापवलेलं आहे, बिनधास्त घ्या. एमबी असेल तर मिथिल ब्रोमाईडची धुरी दिलेली आहे, ते पलंगाला नको.

फिनिशिंगच्या आधी भेगा भरा, आणि हे दिसण्यासाठी नाही तर ढेकणांसाठी. जुन्या लाकडाच्या भेगा आणि खिळ्यांची भोकं म्हणजे त्यांना तयार घर. मोठ्या भेगेत त्याच लाकडाची पातळ पाचर फेविकॉल लावून ठोका आणि रंधून घ्या. बारीक भोकांत लाकडाचा बारीक भुसा आणि फेविकॉल कालवून भरा, तो तेल पीत नाही म्हणून थोडा फिका दिसतो, पण आतल्या आणि खालच्या बाजूला काय फरक पडतो. घासताना ८० नंबर, मग १२०, मग १८०, बस. सागाची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते, मास्क हवाच. आणि सगळे डाग, खाचा, वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) जुने घाव घासून सपाट करायच्या मागे लागू नका. ज्या सुताराने ती तुळई हाताने तासली त्याच्या हाताची खूण आहे ती. जिथे अंग किंवा चादर घासते तिथे गुळगुळीत करा, बाकीचं राहू द्या.

पॉलिशला मला डबल बॉईल्ड जवसाचं तेल आवडतं. पहिला हात निम्मं टर्पेंटाईन मिसळून, मग दोन हात नुसतं तेल, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं. दोन हातांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या, दमट हवेत जास्त. शेवटी मधमाशीच्या मेणाचं पॉलिश. ज्यांना चकाकी हवी त्यांनी स्पिरीटमध्ये चपडा लाख विरघळवून हात द्यावा, पण त्यावर गरम कपाचा पांढरा डाग पडतो. खोबरेल लावू नका, ते वाळतच नाही आणि पुढे खवट वास येतो. आणि हे नीट लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. वापरलेली फडकी पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा, मगच टाका.

गादी टाकायच्या आधी तेलाचा वास जाईपर्यंत थांबा. पायांखाली रबराचा किंवा फेल्टचा तुकडा लावा, ओल्या फरशीचं पाणी पायात चढत नाही. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा पहिला उन्हाळा गेला की चारही बोल्ट पाव-अर्धा फेरा आवळायला लागतील, पाना उशाखालच्या पट्टीला आतून दोन हुकांवर अडकवून ठेवा म्हणजे शोधावा लागत नाही.